उद्योगमंत्री साहेब, सोलापूरचं पहिलं गिऱ्हाईक तुम्ही व्हा

मा. उद्योगमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागात शाळेचे युनिफॉर्म शिवायचा छोटा कारखाना चालवतो. बावीस मशिनी आहेत, सीझनला दोन पाळ्यात चालतात आणि दिवाळीनंतर निम्म्या बंद असतात. तुमच्याकडं मोठमोठ्या कंपन्यांची माणसं हजारो कोटींचे आकडे घेऊन येत असतील, माझ्याकडं तसला आकडा नाही, पण जे सांगायचंय ते वीस वर्षं रोज बघतोय म्हणून सांगतोय, तेवढं वाचा.

आमचं घर तेलुगू. आजोबा करीमनगरकडून आले, का तर सोलापुरात माग आहेत, गिरण्या आहेत, हाताला काम मिळतं म्हणून. आमच्या गल्लीत निम्म्यापेक्षा जास्त घरांची हीच गोष्ट आहे. कुणी वरंगलकडनं आलं, कुणी नलगोंड्याहून, पलीकडच्या गल्लीत कन्नड बोलणारे, आणि मराठवाड्यातनं दुष्काळात आलेली माणसं तर किती. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून हे शहर दुसऱ्यांना बोलवून काम देत आलं. वालचंद हिराचंद याच गावात जन्मले. म्हणजे धंदा करायची अक्कल किंवा कष्टाची सवय इथं नव्हती असं कुणी म्हणू शकत नाही.

वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. मिल बंद पडली तेव्हा मी शाळेत होतो, आणि घरात कोण किती दिवस बोललं नाही ते मला अजून आठवतं. जुनी मिल त्याच्या किती आधीच गेली होती, नंतर नरसिंग गिरजी पण गेली. भोंगे थांबले. ज्यांच्याकडं चार पैसे होते त्यांनी माग घेतले, चादर-टॉवेल सुरू ठेवलं, आणि काही जणांनी शिलाई मशिनी टाकल्या, त्यातनं हळूहळू युनिफॉर्मचा धंदा उभा राहिला. सरकारची कुठली योजना येऊन तो उभा राहिला नाही साहेब, आमच्या माणसांनी हैदराबाद, बंगळुरू, गुजरात असं बॅगेत सॅम्पल घेऊन फिरून, दुकानाच्या पायऱ्यांवर बसून तो उभा केलाय. कापड राजस्थानातल्या भिलवाड्याहून आणायचं, इथं कटिंग, शिलाई, काज-बटण, प्रेस, आणि माल देशभर पाठवायचा. विडी वळणाऱ्या आयांच्या मुली आज मशिनवर बसतात, मान खाली घालून तंबाखूत दिवस घालवण्यापेक्षा हे त्यांना बरं वाटतं, आणि मला विचाराल तर या धंद्यात सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे.

आता माझ्या भाच्याचं सांगतो. इथल्याच कॉलेजात इंजिनिअरिंग केलं, चांगल्या मार्कांनी. कॅम्पसला कंपनी यायची ती आलीच नाही, म्हणाले ड्राइव्ह पुण्यात आहे, तिकडं या. तो पहाटे उठून हुतात्मा एक्सप्रेसने गेला, सिलेक्ट झाला, हिंजवडीत लागला, आम्ही पेढे वाटले. २०२० ला लॉकडाऊन लागलं आणि तो घरी आला. माझ्या कारखान्याच्या वरच्या खोलीत आम्ही फायबर घेतलं, इन्व्हर्टर बसवला, आणि त्या खोलीत बसून त्यानं दोन वर्षं अमेरिकेतल्या क्लायंटचं काम केलं. पगार तोच, काम तेच. त्या दोन वर्षांत बहीण जेवढी हसली तेवढी मी तिला आधी बघितली नव्हती. मग ऑफिसने परत बोलावलं. जाताना मला म्हणाला, "मामा, काम तर तेच करूलालो की इथं बसून, मग कशाला बोलवाय लागलेत?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. आता वाकडमध्ये तिघांत फ्लॅट घेऊन राहतो, पगारातला मोठा हिस्सा भाड्यात, रोजचे दीड-दोन तास ट्रॅफिकमध्ये, आणि इथं बहिणीच्या घराच्या वरच्या मजल्याला कुलूप. रविवारी रात्री सात रस्त्याला ट्रॅव्हल्सच्या गाड्यांजवळ थांबून बघा कधीतरी, शेंगाचटणी आणि कडक भाकरीच्या पिशव्या घेऊन चढणारी ही सगळी पंचवीस-तिशीची पोरं आहेत. मला डिझाइन करायला, ऑनलाइन विक्री बघायला एक हुशार पोरगं पाहिजे, तीन वर्षं शोधतोय. जे शिकतं ते जातं, आणि ते गेलं म्हणून माझा धंदा वाढत नाही, धंदा वाढत नाही म्हणून मी पुण्यासारखा पगार देऊ शकत नाही, मग पुढचं पोरगं पण जातं.

गिऱ्हाइकाचंही तसंच. काही वर्षांपूर्वी बंगळुरूच्या एका मोठ्या शाळा-समूहाची खरेदी बघणारी माणसं आली होती, पुण्याला उतरून, तिथनं कारने भिगवण, टेंभुर्णी, मोहोळ करत अडीचशे किलोमीटर. माल आवडला, रेट आवडला, शिलाई तपासली, उसवून बघितलं. आणि जाताना म्हणाले, तुम्ही फार लांब आहात, काही झालं तर आमचा माणूस एका दिवसात येऊन परत जाऊ शकत नाही. ऑर्डर दुसरीकडं गेली. मालात खोट असती तर मी सुधारली असती, पण शहर लांब आहे ही खोट मी कशी सुधारू?

विमानाचं म्हणाल तर ते आता सुरू झालंय आणि त्याबद्दल मनापासून आभार. त्यासाठी या शहरानं किती वाद, किती मोर्चे बघितले, २०२३ च्या जूनमध्ये विमानाला अडथळा म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा ऊस घालणारे शेतकरी रडताना आम्ही बघितलेत. गोव्याचं विमान २०२५ च्या जूनमध्ये सुरू झालं, ऑक्टोबरमध्ये मुंबईचं. वंदे भारत त्याच्या आधीच, २०२३ च्या फेब्रुवारीत आली. म्हणजे लांब आहात हे कारण आता पूर्वीइतकं राहिलं नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या साहेब, विमान आलं म्हणून काम येतं असं नाही, काम असलं की विमान टिकतं. नुसत्या लग्नकार्याच्या आणि देवदर्शनाच्या प्रवाशांवर ते किती दिवस चालणार याची आम्हाला धास्ती वाटते.

म्हणून आता मुद्द्यावर येतो. आम्हाला आणखी एक पॅकेज नको. अनुदानाच्या फाइली घेऊन फिरायला आमच्यासारख्याकडं वेळ नसतो आणि माणूसही नसतो. आम्हाला गिऱ्हाईक पाहिजे. आणि महाराष्ट्रात युनिफॉर्मचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण आहे? तुमचं सरकारच.

२०२४ ला सरकारनं ‘एक राज्य एक गणवेश’ काढलं. सगळ्या सरकारी शाळांना एकच कापड, ते एकत्र खरेदी करायचं आणि शिलाई बचत गटांकडून करून घ्यायची. शाळा जूनमध्ये उघडल्या, पण कित्येक पोरांना पंधरा ऑगस्ट आला तरी गणवेश नव्हता, मापाच्या तक्रारी वेगळ्याच. शेवटी डिसेंबरमध्ये योजना गुंडाळून खरेदी पुन्हा शाळा समित्यांकडं दिली. ते सगळं आम्ही पेपरात वाचत होतो आणि जीव तुटत होता. अख्खं शहर युनिफॉर्म शिवतंय, सोळा, अठरा, वीस, बावीस अशा मापांचे सेट कसे बांधायचे, कुठल्या यत्तेला कुठलं माप किती टक्के लागतं, हे आमच्या कटिंग मास्टरला झोपेत विचारा, तो सांगेल. आणि त्याच राज्यातली पोरं बिनगणवेशाची शाळेत जात होती. आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही. बचत गटातल्या बायकांचं काम काढून घ्या असं मी अजिबात म्हणत नाही, त्याही आमच्याच बायका आहेत. पण कटिंग जर इथं झालं असतं, मापाप्रमाणे बंडल बांधून त्यांच्याकडं गेलं असतं, तर त्यांची शिलाई पण वेळेत झाली असती.

आणि हे तुमच्याच खात्यात येतं. राज्याच्या सरकारी खरेदीची नियमपुस्तिका उद्योग विभागानं १ डिसेंबर २०१६ ला काढलीय, टेंडर कसं काढायचं ते त्यात आहे. शाळा शिक्षण खात्याच्या, पोलिस गृहखात्याचे, एसटीवाले परिवहनचे, सरकारी दवाखाने आरोग्य खात्याचे, सगळ्यांना गणवेश लागतो. पण टेंडर निघतं तेव्हा अट अशी असते की उलाढाल इतकी कोटी पाहिजे, आधी असंच मोठं काम केलेलं पाहिजे. बावीस मशिनीवाला त्यात कुठनं बसणार? मग मोठा मध्यस्थ टेंडर घेतो आणि कधीकधी तेच काम आमच्यासारख्याकडं अर्ध्या रेटने जॉबवर्कला येतं, पैसे कधी मिळतील ते विचारू नका. केंद्र सरकारनं आपल्या खात्यांना आणि कंपन्यांना सूक्ष्म-लघु उद्योगांकडून २५ टक्के खरेदी करायचं बंधन घातलंय. छोट्यांना काम द्यायचा तोच विचार इथंही धरून वीस-तीस छोट्या कारखान्यांना एकत्र येऊन एक टेंडर भरता यावं, सगळ्यांच्या मशिनी आणि सगळ्यांची उलाढाल एकत्र धरावी, एवढी सोय करून द्या. दर्जा तपासा, चुकलं तर दंड लावा, आमची तयारी आहे.

जवळचं उदाहरण देतो, कारण ते आम्हाला फार लागतं. वरंगलला २०१७ ला मोठ्या टेक्स्टाइल पार्कची पायाभरणी झाली तेव्हा तिथल्या मुख्यमंत्र्यांनी सुरत, भिवंडी आणि सोलापूरला गेलेल्या आपल्या विणकरांना परत यायचं आवाहन केलं. आमच्या घरात त्या रात्री यावरच बोलणं झालं. आई म्हणाली, आपण जायचं का? तीन पिढ्यांनी! २०२० च्या जानेवारीत त्याच वरंगलमध्ये सायंट आणि टेक महिंद्रा या आयटी कंपन्यांनी ऑफिसं उघडली, हैदराबाद जवळ असताना. तिथलं सरकार त्यांच्या मागं लागलं होतं म्हणून ते झालं. मला तेलंगणाचं कौतुक करायचंय म्हणून सांगत नाही, आमच्याइतकंच शहर आहे, आमचीच माणसं आहेत, म्हणून सांगतोय. केंद्राच्या पीएम मित्र योजनेतला टेक्स्टाइल पार्क अमरावतीला गेला त्याचाही मला राग नाही. कापूस तिकडं पिकतो, आणि तिकडची पोरं पण आमच्यासारखीच पुण्याच्या गाडीत बसतात.

मुख्यमंत्र्यांनी सोलापुरात आयटी पार्क करायचं जाहीर केलंय. चांगलं आहे, मनापासून चांगलं वाटलं. पण इमारत आधी आणि काम नंतर असं करू नका. हिंजवडी आपोआप उगवली नाही, एमआयडीसीनं जागा दिली, मोठ्या कंपन्यांना आणून बसवलं आणि मग बाकीचे मागनं आले. इथं पहिला भाडेकरू सरकारनंच व्हावं. राज्याचं किती काम आज कॉम्प्युटरवर चालतं, हेल्पलाइन आहेत, डेटा एंट्री आहे, जुन्या कागदांचं स्कॅनिंग आहे, पोर्टल सांभाळणं आहे, यातलं एक मोठं काम सोलापुरातनं होईल अशी अट घाला. सरकारचं काम घेणाऱ्या ज्या कंपन्या आहेत त्यांना सांगा की टीममधली शंभर माणसं सोलापुरात बसवा. शंभर जणांचं एक ऑफिस चाललं की दुसरी कंपनी येऊन विचारते, माणसं मिळतात का इथं. मिळतात, पुण्यातनं परत यायला तयार असलेली आमची पोरं हजारांनी आहेत.

आता आमच्या चुका पण सांगतो, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. उजनी धरण आमच्याच जिल्ह्यात, तरी वर्षानुवर्षं शहरात चार-पाच दिवसांआड पाणी यायचं, बाहेरनं आलेल्या माणसाला हे सांगताना मान खाली जाते. २०१६ ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत महाराष्ट्रातनं पुणे आणि सोलापूर अशी दोनच नावं होती, त्या संधीचं आम्ही काय केलं ते पुण्याशेजारी ठेवून बघवत नाही. कारखानदार म्हणून आम्हीही एकमेकांचे रेट पाडतो, शेजाऱ्याचं गिऱ्हाईक दोन रुपयांसाठी ओढतो, कामगारांचा पीएफ भरायला टाळाटाळ करणारे आमच्यात आहेत. हे आमचं आम्हाला सुधारायला पाहिजे आणि त्यासाठी तुमच्याकडं काही मागत नाही. पण नियमात राहून काम मिळतंय हे दिसलं की नियमात येणारे वाढतील हे मी अनुभवानं सांगतो. माझ्याकडं एका परराज्यातल्या संस्थेची ऑर्डर आली तेव्हा त्यांची अटच होती की पीएफ पाहिजे, ईएसआय म्हणजे कामगारांचा दवाखान्याचा विमा पाहिजे, मी दोन महिन्यात सगळं करून घेतलं. माझ्याकडच्या बायकांना पहिल्यांदा दवाखान्याचं कार्ड मिळालं, एकीच्या मुलाचं ऑपरेशन त्याच्यावर झालं.

शेवटी एक धंद्यातली गोष्ट, कारण मंत्रालयात बहुतेक याचाच हिशोब चुकतो. १५ जूनला पोराच्या अंगावर गणवेश पाहिजे असेल तर कापडाची ऑर्डर जानेवारीत भिलवाड्याला गेली पाहिजे, फेब्रुवारीत मापं, मार्चला कटिंग, एप्रिल-मे शिलाई, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात गाड्या भरून बाहेर. एप्रिलमध्ये टेंडर काढून जूनमध्ये गणवेश मागितला तर ते देशात कुणालाच जमत नाही. दिवाळीनंतर माझ्या अकरा मशिनी बंद असतात, गल्लीतल्या बाकीच्यांच्याही असतात, कारागीर तेव्हा घरी बसून असतो. एका जिल्ह्याच्या शाळांचं काम पहिल्या वर्षी देऊन बघा, पाहिजे तर आमच्याच जिल्ह्याचं. सॅम्पल मी स्वतः मंत्रालयात घेऊन येतो, सहा मापं, दोन शिलाया, तुमच्या माणसांनी उसवून बघावं. वेळ तेवढी कळवा.

आपला,
पूर्व भाग, सोलापूर येथील एक युनिफॉर्म कारखानदार