परदेशी शेवाळ उपटण्याचा खर्च कोणाच्या माथी?

महोदय,

कोकणात समुद्रशेवाळाची शेती वाढवावी, बचत गटांतल्या महिलांना त्यातून चार पैसे मिळावेत, अशा बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. सोबतचा फोटो बहुधा तमिळनाडूतला असतो. कंबरभर पाण्यात उभ्या बायका, बांबूचे तराफे आणि दोरीला लगडलेलं तपकिरी-हिरवं शेवाळ. ते शेवाळ आपल्या समुद्रातलं नव्हे, हे मात्र बातमीत क्वचितच असतं. त्याचं नाव कप्पाफायकस आणि मूळ फिलिपिन्सच्या बाजूचं.

या वस्तूशी माझा संबंध पोटापाण्याच्या निमित्ताने आला. इथेच पुण्यात आइस्क्रीमच्या कारखान्यात नोकरी केली. मिश्रणातलं पाणी सुटू नये म्हणून ग्वार गमच्या जोडीला चिमूटभर कॅराजीनन घालतात, ती पूड याच शेवाळातून निघते. टूथपेस्टमध्ये असते, चॉकलेटच्या दुधात असते. पाकिटावर ४०७ हा आकडा दिसला की समजावं. शेवाळाचा रस पिकांवर फवारतात तो वेगळाच. द्राक्ष-उसाच्या पट्ट्यातल्या कृषी सेवा केंद्रांत समुद्रशेवाळाच्या अर्काच्या बाटल्या सर्रास मिळतात. तेव्हा या मालाला गिऱ्हाईक नाही, असं मी तरी म्हणणार नाही.

भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने हे वाण आणून १९९० च्या दशकात तमिळनाडूतल्या मंडपमच्या समुद्रात रुळवलं. २००० च्या सुमारास पेप्सिकोने तिथे करार शेती सुरू केली. साधारण बारा बाय बारा फुटांचा तराफा, त्याला बेणं बांधायचं, ४५ दिवसांनी चौपटीच्या आसपास माल काढायचा. खत नको, गोडं पाणी नको, सातबारा नको. मासेमारीच्या घरातल्या बाईच्या हातात स्वतःची कमाई आली, हे खरं आहे आणि विरोध करणाऱ्यांनी ते आधी मान्य करावं. २०१२-१३ पर्यंत उत्पादन वर्षाला सुमारे दीड हजार टन सुक्या मालापर्यंत गेलं.

आता खोच कुठे आहे ते सांगतो. हे पीक बियांवर चालत नाही. तोडलेला तुकडा बांधला की त्याचंच रोप होतं. म्हणून बेणं स्वस्त आणि शेती सोपी. पण लाटेने तुटलेला तुकडाही तेच करतो, आणि तो बांधायला कोणी लागत नाही. वाळूवर पडला तर फारसं बिघडत नाही. प्रवाळावर अडकला तर तिथे जाड थर धरतो, खालच्या प्रवाळाचा उजेड जातो आणि प्रवाळ मरतो. मन्नारच्या आखातातल्या कुरुसडाई बेटाजवळ हे शेवाळ प्रवाळांवर पसरल्याची नोंद २००८ मध्ये झाली. हा प्रसार किती गंभीर मानायचा, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. काहींच्या मते तो थोड्या जागेपुरताच आहे. हवाईत मात्र वाद घालायला जागा उरली नाही. तिथल्या कानेओहे खाडीत १९७४ मध्ये हे प्रयोगासाठी आणलं. पुढे ते प्रवाळांवरून खरवडायला पाणबुडे, पाण्याखाली शेवाळ ओढून घेणारे पंप आणि ते खाणारे, मुद्दाम वाढवून सोडलेले सी-अर्चिन नावाचे काटेरी समुद्री जीव, इतका लवाजमा लावावा लागला. तो खर्च शेवाळ विकणाऱ्याने केला नाही.

ज्या गुणामुळे हे शेवाळ पसरतं, त्यानेच शेतकऱ्यालाही दगा दिला. सगळी शेती मोजक्या तुकड्यांपासून वाढलेली, म्हणजे झाडून सगळी रोपं एका अंगाची. २०१३ नंतर तमिळनाडूत पीक मोठ्या प्रमाणावर मेलं आणि उत्पादन कोसळलं. पाणी तापलं, रोग आला, तर एकाही रोपात वेगळा काटकपणा नाही. ‘पर्यावरण की रोजगार’ असा सामना लावून चर्चा करणारे ही गोष्ट विसरतात. इथे दोघांचं नुकसान एकाच कारणाने होतं.

कोकणात तर पावसाळ्याचा पेच आणखी. जून आला की समुद्र खवळतो, खाड्यांतून गोडं पाणी उतरतं आणि या शेवाळाला गोडं पाणी सोसत नाही. समर्थक म्हणतात, मग भीती कसली, पावसाळ्यात ते आपोआप मरेल. मरेल ना, पण मग बेणंही मरेल! दर वर्षी ते बाहेरून आणायचं किंवा किनाऱ्यावर टाक्यांत सांभाळायचं, हा खर्च बचत गटाच्या हिशेबात कोणी धरलाय का? शिवाय पहिल्याच वादळात तराफे फुटले, की तुकडे कुठे जातील यावर कोणाचा ताबा?

पुणेकरांनी यात का पडावं, असं कोणी विचारेल. मालवणला बुड्या मारून प्रवाळ बघायला आपणच जातो, हे एक. दुसरं, आपल्या उजनीत हाच प्रकार होऊन गेलाय. १९५२ मध्ये देशात आणलेला तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, आज तिथल्या जाळ्यांत भरभरून येते आणि भिगवणच्या बाजारात तिच्यावर कित्येक घरं चालतात. देशी मासे मागे पडले. प्रदूषणासारखी कारणं त्याला आहेतच, पण चिलापीचा वाटाही आहे. आता तिला काढता येणार नाही आणि ज्यांचं पोट तिच्यावर आहे ती माणसं काढूही देणार नाहीत. त्यांना दोष कसा देणार? म्हणून परदेशी जिवाबद्दलचे प्रश्न पहिल्या वर्षीच विचारायचे असतात. रोजगार उभा राहिल्यावर ते विचारणारा गरिबाचा वैरी ठरतो.

२०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत समुद्रशेवाळासाठी ६४० कोटी रुपये ठेवले गेले. एवढ्या पैशात आपल्या किनाऱ्याच्या सरगॅसम, ग्रॅसिलेरिया, हिप्निया या देशी शेवाळांकडेही बघता आलं असतं. हिप्नियातूनही कॅराजीनन निघतं. वाढ मंद, उतारा कमी, हे मान्य. पण कप्पाफायकसवर एवढी वर्षं संशोधन झालं म्हणून ते आज परवडतं, देशी वाणांवर तेवढी मेहनत घेतलीच कुठे?

माझी मागणी सरसकट बंदीची नाही. १९८७ पासून अभयारण्य असलेल्या मालवणच्या समुद्रात आणि कोणत्याही प्रवाळाच्या आसपास हे शेवाळ नको. इतरत्र लावायचं तर आधी तळाची पाहणी करून तिची नोंद जाहीर ठेवावी. शेवाळ पसरलं तर ते काढण्याच्या खर्चापोटी माल घेणाऱ्या कंपनीकडून अनामत घ्यावी, बचत गटाकडून नव्हे. आणि पहिला तराफा पाण्यात उतरण्याआधी कंपनीसोबतचा करारनामा गावोगावच्या मच्छीमार सोसायट्यांच्या बैठकीत मराठीत वाचून दाखवावा. ज्यांची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, त्याच उथळ पाण्यात पडते, त्यांना तो आधी कळायला हवा.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे