साथीची पहिली खबर तालुक्यातूनच येते

महोदय,

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने महासाथविषयक करार संमत केला. त्याच्या आदल्या वर्षी आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांतही दुरुस्त्या झाल्या. २००७ पासून लागू असलेल्या या नियमांनुसार, इतर देशांनाही धोका पोहोचवू शकेल अशा घटनेची माहिती मिळाल्यावर प्रत्येक देशाने ४८ तासांत तिची छाननी करायची आणि ती तशी ठरल्यास त्यापुढील २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचे, असे बंधन आहे. दिल्लीहून जिनिव्हाला कळवण्यासाठी चोवीस तास भरपूर झाले. मात्र सिंधुदुर्गातील दोडामार्गातल्या एखाद्या वाडीवरची खबर ओरोसला, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्यालयी, आणि तेथून पुण्याच्या प्रयोगशाळेत पोहोचायला किती दिवस लागतात, याची चर्चा आपल्याकडे जवळजवळ होत नाही.

माकडतापाचे उदाहरण घेऊ. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, आसपासच्या गावांत तापाचे रुग्ण दिसू लागले आणि पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, हा नवा विषाणू शोधून काढला. पुढे साठ वर्षांच्या आत तो गोव्यातील सत्तरी आणि आपल्या सिंधुदुर्गातील दोडामार्ग, बांदा या भागांत येऊन पोहोचला. हा आजार साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत डोके वर काढतो, आणि नेमके त्याच दिवसांत काजू गोळा करायला माणसे बागांत आणि रानात असतात. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या, हा विषाणू वाहणाऱ्या गोचिडी खाली उतरून पालापाचोळ्यात पसरतात आणि पुढचा प्राणी किंवा माणूस गाठतात. त्यामुळे मेलेल्या माकडाची वर्दी ही या आजाराची सर्वांत आधी मिळणारी सूचना असते. ती त्याच दिवशी मिळाली तर भोवतालच्या जागेत कीटकनाशक भुकटी टाकता येते, लोकांना त्या बाजूला न जाण्याबद्दल बजावता येते आणि अंगाला लावायचे गोचीड-प्रतिबंधक तेल घरोघर देता येते. आठवड्याने मिळाली, तर तोवर तापाचे रुग्ण दवाखान्यात आलेले असतात.

पण माकड वन खात्याचे, गुरे पशुसंवर्धन खात्याची आणि माणूस आरोग्य खात्याचा, अशी आपली वाटणी आहे. बागेत मेलेले माकड दिसल्यावर शेतकऱ्याने नेमके कोणाला कळवायचे, हे आजही अनेक गावांत कोणी खात्रीने सांगू शकत नाही. नागपूरला ‘एक आरोग्य’, म्हणजे माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार, या विषयाच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु तालुक्याच्या तीन कार्यालयांत बसणारी माणसे दर आठवड्याला एकत्र बसली नाहीत, तर त्या संस्थेपर्यंत पोहोचणारी माहिती अर्धवटच असेल.

एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प देशात २००४ मध्ये सुरू झाला. उपकेंद्रातील आरोग्यसेविका, वैद्यकीय अधिकारी आणि प्रयोगशाळा यांच्याकडून अनुक्रमे एस (संशयित), पी (संभाव्य) आणि एल (प्रयोगशाळेत निश्चित झालेले रुग्ण) या फॉर्मांत माहिती घ्यायची, ही त्याची रीत विचारपूर्वक ठरवलेली आहे, आणि २०२१ पासून ती नोंद ऑनलाइन होऊ लागली आहे. दुखणे आहे ते माणसांचे. जिल्ह्याचा साथरोगतज्ज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, डेटा व्यवस्थापक ही पदे बहुतेक ठिकाणी कंत्राटी आहेत. जिल्ह्यातील पाणवठे, यात्रा, ऊसतोडीचे तळ आणि खासगी दवाखाने यांची ओळख व्हायलाच अशा माणसाला दोन-तीन वर्षे लागतात, आणि तेवढ्यात तो अधिक भरवशाच्या नोकरीकडे निघून जातो. शिवाय, ज्या आरोग्यसेविकेने नोंद पाठवली किंवा रक्ताचा नमुना बर्फाच्या पेटीतून रवाना केला, तिला त्याचा निष्कर्ष पुष्कळदा कळतच नाही. उत्तर न येणाऱ्या कामातला जीव हळूहळू जातो आणि मग फॉर्मवर शून्य भरण्याची सवय लागते.

आपल्याला हे जमत नाही असे मात्र मुळीच नाही. पोलिओच्या बाबतीत आपण ते जगाला करून दाखवले. १९९७ पासून, पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की त्याची नोंद व्हायची, चौदा दिवसांच्या आत किमान चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेतले जायचे आणि ते थंड ठेवून प्रयोगशाळेत पोहोचवले जायचे. मुंबईत परळला असलेले एन्टेरोव्हायरस संशोधन केंद्र या जाळ्याचा कणा होते. खासगी बालरोगतज्ज्ञांकडे कोणीतरी नियमितपणे जाऊन विचारत असे, म्हणून तेही कळवत. देशातील शेवटचा पोलिओरुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला. त्यानंतर रुग्ण उरला नाही, हे आपण छातीठोकपणे म्हणू शकलो ते या नोंदींच्या बळावरच.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे मज्जातंतूंना इजा होऊन हातपाय अचानक लुळे पडणाऱ्या आजाराचे, रुग्ण वाढले, तेव्हा राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था त्याच शहरात असल्याने नमुन्यांची तपासणी लगेच होऊ शकली. असाच उद्रेक गडचिरोलीत किंवा नंदुरबारला झाला, तर काय होईल? प्रौढांचा अचानक आलेला लुळेपणा पोलिओच्या त्या जाळ्यात मोडत नाही, आणि खासगी रुग्णालयांना तो कळवण्याची सोपी वाट असायला हवी.

म्हणून राज्य सरकारकडे माझी मागणी अशी की, जिल्हा सर्वेक्षण कक्षांतील पदे कायमस्वरूपी भरावीत. प्रत्येक नमुन्याचा निष्कर्ष तो पाठवणाऱ्या उपकेंद्राला कळवणे बंधनकारक करावे. आणि सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात मेलेल्या जनावराची वर्दी देण्यासाठी तिन्ही खात्यांचा मिळून एकच दूरध्वनी क्रमांक डिसेंबरच्या आत, म्हणजे काजूचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, गावोगावच्या ग्रामपंचायतींच्या फलकांवर लावावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य पर्यवेक्षक, सावंतवाडी