डॉक्टर, तुमच्या कोपराचे आभार

प्रिय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

माझी फाइल तुम्हाला आठवणार नाही, पण पाटल्या आठवतील. "काकू, या मोडायच्या नाहीत" असं तुम्हीच म्हणाला होतात.

दुसऱ्याच दिवशी आम्ही सराफ्यात जाणार होतो. आपल्या इंदूरचा सराफा दिवसा सोन्याचा आणि रात्री खाण्याचा. रात्रीचा सराफा मला आरपीमुळे (रेटिनायटिस पिग्मेंटोसा, डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणारा आजार) 15 वर्षांपूर्वीच सुटला. उरला दिवसाचा, तोही सासूबाईंच्या पाटल्या मोडायला. एका चकचकीत क्लिनिकने पोटाच्या चरबीतून स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, काढून दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचायचं ठरवलं होतं. अ‍ॅडव्हान्स भरा, तारीख घ्या. तिथे माझ्याशी कुणी बोललंच नाही, सगळे प्रश्न भाच्याला. "यांना कितपत दिसतं?" म्हणे. डोळे अधू झाले की कानही गेले असं लोकांना का वाटतं, देव जाणे. त्याआधी एका मोठ्या डॉक्टरांनी फाइल मिटता मिटता "इलाज नाही" म्हणून मोकळं केलं होतं. ते खोटं बोलले नव्हते, पण पुढच्या पेशंटची घंटा माझ्या आधी वाजली.

तुम्ही खुर्ची माझ्याकडे ओढलीत. भाच्याला म्हणालात, "तुम्ही बसा, मी काकूंशी बोलते." माझ्या लेकीच्या वयाच्या तुम्ही.

मग तुम्ही समजावलंत. डोळ्याच्या पडद्यावर अंधुक उजेड टिपणाऱ्या सुमारे 12 कोटी पेशी असतात आणि रंग नि बारकावे टिपणाऱ्या जेमतेम 60 लाख. आरपीत आधी पहिल्या मरतात, म्हणून रात्र आधी जाते. हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी आपली जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि गाजरं खात बसले. नवी पेशी नेमक्या थरात बसली पाहिजे, पुढच्या पेशीशी जोडली गेली पाहिजे, तरच उजेडाचा निरोप मेंदूपर्यंत जाणार. चरबीतल्या पेशींना हे येत नाही. "पोतंभर बल्ब आणून घरात ओतले तर दिवाळी होते का, काकू?" मला हसू आलं. त्या विषयावर मी पहिल्यांदाच हसले.

मग फ्लोरिडातल्या तीन बायकांचं सांगितलंत. अशाच इंजेक्शनांनी, दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी, होती ती दृष्टीही गेली. 2017 साली ते छापून आलं. आशेचंही लपवलं नाहीत. ज्या संशोधनासाठी जपानी शास्त्रज्ञ यामानाकांना 2012 चं नोबेल मिळालं, त्या आयपीएस पेशींपासून (साध्या पेशींना मागे नेऊन केलेल्या मूळ पेशी) बनवलेला रेटिनाचा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा, पातळ पापुद्रा जपानमध्ये कोबेला 2020 साली एका आरपीच्या रुग्णाच्या डोळ्यात बसवला. पण ती नुसती चाचणी होती, आणि चाचणीत आधी बघायचं ते धोका किती आहे. आपल्याकडेही आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) नियमांप्रमाणे हे मंजूर चाचणीतच करता येतं, आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. "पैसे मागितले की उठायचं."

पाटल्या वाचल्या, उरलेली नजर वाचली, त्याचे आभार आहेतच. पण हे पत्र खरं जिन्यासाठी आहे.

तुमच्या दवाखान्याचा तो अंधारा जिना! भाच्याने नेहमीप्रमाणे माझा दंड धरला आणि ढकलत निघाला. सगळे असंच नेतात, गाय बाजारात नेल्यासारखं. तुम्ही मागून आलात आणि म्हणालात, "काकू, तुम्ही धरा. माझं कोपर." कडक इस्त्रीचा कोट, त्याच्या आत बारीकसं कोपर. तुम्ही अर्धं पाऊल पुढे. तुमचा हात खाली गेला की मला कळे, पायरी आली. कुणी मला नेत नव्हतं, मी चालत होते. 14 पायऱ्या, मधे एक वळण. वर तुमचे पेशंट खोळंबले होते, हे मला नंतर भाच्याने सांगितलं.

चांगली माणसं जगात कमी नाहीत. रस्ता ओलांडून द्यायला दहा जण धावतात, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण धरायचं की धरू द्यायचं, एवढा विचार करणारं माणूस मला साठीला टेकल्यावर भेटलं.

परवा शनिवारी रात्री भाच्याला म्हटलं, दंड सोड, कोपर दे. सराफ्यात गेलो. दिवे म्हणजे नुसते पिवळे ठिपके, पण भुट्ट्याचा कीस तसाच, वर जिरावण मसाला. भाचा अजून नाल्याशी पोचल्यावर "नाला" म्हणतो. त्याला एकदा शिकवाल का?

तुमची,
पाटल्यावाली काकू, रामबाग