जॅक्सनचा हिशोब 'काळच तसा होता' म्हणून मिटत नाही

मा. संपादक, स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेचा सातवा प्रेसिडेंट अँड्र्यू जॅक्सन याच्यावर आलेला लेख वाचला. आवडला, कारण मराठी पेपरात वॉशिंग्टन आणि लिंकनच्या पलीकडे सहसा कोणी जात नाही, आणि लेखकाने मेहनत घेतलीय हे दिसतं. पण शेवट खटकला. एकीकडे सामान्य माणसाचा प्रेसिडेंट, दुसरीकडे इंडियन लोकांना, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना, त्यांच्या जमिनीवरून हुसकावणारा, आणि मग काळच तसा होता म्हणून दोन्ही बाजूंची वजाबाकी करून मोकळं व्हायचं, हे मला अजिबात पटलं नाही म्हणून लिहितोय.

जे त्याचं आहे ते त्याला द्यायलाच पाहिजे. जन्माआधी वडील गेलेले, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात कोवळ्या वयात ब्रिटिशांच्या कैदेत पडला, ऑफिसरचे बूट साफ करणार नाही म्हणाला तर तलवारीचा वार खाल्ला, त्याच युद्धाच्या काळात दोन्ही भाऊ आणि आई गेली, १४ व्या वर्षी पोरगा अनाथ. त्याच्या आधीचे सहाही प्रेसिडेंट व्हर्जिनियाचे नाहीतर मॅसॅच्युसेट्सचे, हा टेनेसीचा, सरहद्दीवरचा माणूस. १८२४ मध्ये सगळ्यात जास्त मतं याला पडली तरी बहुमत कोणालाच नाही म्हणून निकाल हाउसमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहात गेला आणि तिथे जॉन क्विन्सी ॲडम्स निवडून आला, तेव्हा लोकांना राग आला तो खरा राग होता, आणि १८२८ मध्ये त्यांनी तो मतपेटीतून दाखवला. एवढं सगळं मान्य.

पण लेखात म्हटलंय की जॅक्सनने सामान्य माणसाला मताचा हक्क दिला, ते बरोबर नाही. मत कोणाला द्यायचं हे तेव्हा प्रत्येक स्टेट ठरवायचं, आणि मालमत्तेची अट काढून टाकायचं काम बऱ्याच स्टेट्समध्ये तो निवडून यायच्या आधीच झालं होतं, त्याचा फायदा जॅक्सनला झाला. आणि हा सामान्य माणूस म्हणजे गोरा पुरुष, बाकी कोणी नाही. उलट त्याच वर्षांत, १८३४ ला त्याच्या स्वतःच्या टेनेसीने आणि १८३५ ला नॉर्थ कॅरोलिनाने स्वतंत्र काळ्या पुरुषांना जे मत होतं तेसुद्धा काढून घेतलं.

आणि या गोऱ्या सामान्य माणसाला काय हवं होतं? जमीन. कापसाची जमीन. ती कोणाची होती? क्रीक, चेरोकी, चॉक्टॉ, चिकसॉ, सेमिनोल या इंडियन जमातींची. म्हणजे लेखकाने ज्या दोन बाजू वेगवेगळ्या मांडल्यात त्या मुळात वेगळ्या नाहीतच, एकाला दिलं ते दुसऱ्याकडून काढून घेतलेलं होतं, मग वजाबाकी करणार कशी? १८१४ मध्ये क्रीकांच्या एका गटाविरुद्ध झालेल्या हॉर्सशू बेंडच्या लढाईत चेरोकी योद्धे जॅक्सनच्या बाजूने लढले, नदी पोहून जाऊन शत्रूच्या होड्या पळवून आणल्या, आणि लढाई जिंकल्यावर त्याने क्रीकांकडून २ कोटी ३० लाख एकर जमीन लिहून घेतली, त्यात जे क्रीक त्याच्याच बाजूने लढले होते त्यांचीही जमीन गेली. तेव्हा तो प्रेसिडेंट नव्हता, म्हणजे सत्ता आल्यावर बिघडला असंही म्हणता येत नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते १८३२ साल, त्यावर लेखात दोनच ओळी आहेत. मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने, चीफ जस्टिस जॉन मार्शलने, निकाल दिला की चेरोकींच्या प्रदेशात जॉर्जियाचे कायदे चालत नाहीत. केस होती सॅम्युअल वूस्टर नावाच्या मिशनरीची, चेरोकींमध्ये राहायला जॉर्जियाचं लायसन्स घेत नाही म्हणून त्याला आणि एलायझर बटलरला चार वर्षं सक्तमजुरी झाली होती. निकाल लागला तरी जॉर्जियाने त्यांना सोडलं नाही, आणि जॅक्सन गप्प बसला. (मार्शलने निकाल दिलाय तर त्यानेच आता तो अंमलात आणावा, हे लेखातलं जॅक्सनचं वाक्य तो खरंच बोलला याला पुरावा नाही, ते कितीतरी वर्षांनी छापून आलं. त्याच्या वागण्याला मात्र भरपूर पुरावा आहे.) आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये साउथ कॅरोलिनाने जाहीर केलं की फेडरल टॅरिफ, म्हणजे केंद्राचा आयात कर, आम्ही मानत नाही, तर १० डिसेंबरला याच जॅक्सनने घोषणापत्र काढलं की कुठल्याही स्टेटला देशाचा कायदा रद्द करायचा हक्क नाही, शस्त्र घेऊन फुटून निघणं हा देशद्रोह आहे, आणि पुढे सैन्य वापरायची परवानगीही काँग्रेसकडून घेतली. ते घोषणापत्र खरंच मोठं आहे, देश एक राहिला यात त्याचा वाटा आहे, मी ते नाकारत नाही. पण म्हणजे कायदा न पाळणाऱ्या स्टेटला कसं वठणीवर आणायचं हे त्याला चांगलं कळत होतं आणि ते करायची हिंमतही होती. जॉर्जियाच्या वेळी त्याने ते केलं नाही कारण त्याला करायचं नव्हतं. जॅक्सनला जोखायचं तर हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून जोखावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

काळच तसा होता म्हणणाऱ्यांनी त्या काळातलीच माणसं बघावीत. इंडियन लोकांना मिसिसिपी नदीच्या पलीकडे हलवायचं १८३० चं रिमूव्हल बिल हाउसमध्ये फक्त पाचेक मतांनी पास झालं, विरोधात ९७ जण होते, त्यात टेनेसीचाच डेव्ही क्रॉकेट होता. सिनेटमध्ये फ्रीलिंगहायझन विरोधात तीन दिवस मिळून सहा तास बोलला. बायकांना मत नव्हतं तरी त्यांनी सह्या गोळा करून काँग्रेसकडे अर्ज पाठवले. आणि जेरेमाया एव्हर्ट्स नावाच्या माणसाने टोपणनावाने २४ लेख लिहून करारांची एक एक ओळ काढून दाखवली.

इथे आमच्या नगरकरांना माहीत असावी अशी एक गोष्ट सांगतो. हा एव्हर्ट्स ज्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचा सेक्रेटरी होता आणि वूस्टर ज्या बोर्डाचा मिशनरी होता, त्याच बोर्डाने मुंबईत आणि १८३१ मध्ये नगरला अमेरिकन मराठी मिशन आणलं, 'ज्ञानोदय' हे नियतकालिक त्यांचंच. म्हणजे वूस्टर जॉर्जियात अटकेत जात होता त्याच साली त्याचे सहकारी आमच्या गावात येऊन राहात होते. चेरोकींनी तर स्वतःची लिपी बनवून, लेखी घटना करून, १८२८ मध्ये 'चेरोकी फिनिक्स' हे इंग्रजी आणि चेरोकी अशा दोन भाषांतलं वर्तमानपत्र काढलं होतं, आपलं दोन भाषांतलं 'दर्पण' १८३२ चं. अशा लोकांना रानटी ठरवून हाकललं. १८३५ मध्ये जॉर्जियाच्या गार्डने तो छापखानाच उचलून नेला, आणि त्याच वर्षाअखेर चेरोकींच्या राजधानीत, न्यू इकोटाला, मूठभर माणसांच्या सह्यांवर जमीन सोडून जायचा करार झाला, १५ हजारांवर चेरोकींनी तो आम्हाला मान्य नाही म्हणून कळवलं तरी सिनेटने लागणारं दोन तृतीयांश बहुमत जेमतेम एका मताने गाठून मंजूर केला. प्रत्यक्ष हाकललं १८३८ ला, तेव्हा प्रेसिडेंट व्हॅन ब्यूरेन होता हे खरं, पण कायदा आणि करार दोन्ही जॅक्सनचे. सुमारे १६ हजार लोक, त्यातले ४ हजारांच्या आसपास मेले असं मानलं जातं.

गुलामांबद्दल लेखात अर्धं वाक्य आहे. १८०४ मध्ये पळालेल्या गुलामासाठी जॅक्सनने पेपरात जाहिरात दिली होती, पकडून आणणाऱ्याला ५० डॉलर, आणि दर १०० फटक्यांमागे १० डॉलर जास्त, ३०० फटक्यांपर्यंत. यावर मला जास्त काही लिहवत नाही.

बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सच्या भांडणात मात्र लेखकाशी थोडाफार सहमत आहे, तिचा प्रमुख निकोलस बिडल याच्या हातात फार सत्ता होती आणि बँकेची मुदत वाढवायच्या बिलावरचा जॅक्सनचा व्हेटो निदान समजण्यासारखा होता, १८३५ ला देशाचं कर्ज शून्यावर आणलं हेही खरंच. पण नंतर सरकारी पैसा मर्जीतल्या बँकांत गेला, जमिनीचा सट्टा भडकला, आणि १८३७ ला मंदी आली, तीही त्या गोष्टीतच सांगायला हवी होती.

२० डॉलरच्या नोटेवर १९२८ पासून त्याचा चेहरा आहे, २०१६ ला तिथे गुलामगिरीतून पळून इतरांनाही सोडवणारी हॅरिएट टबमन येणार असं जाहीर झालं, ती नोट अजून आलेली नाही. माझ्या मते यायला हवी. पुतळे मात्र पाडू नयेत, त्याच्यावरचे धडेही काढू नयेत, तो पूर्ण शिकवावा, १८३२ च्या दोन्ही बाजूंसकट.

आपल्याला एक विनंती. लेखात चेरोकींच्या बाजूचं एकही नाव नाही. जॉन रॉस १८२८ पासून १८६६ पर्यंत त्यांचा प्रिन्सिपल चीफ होता, कोर्टात गेला, वॉशिंग्टनला अर्ज घेऊन पुन्हा पुन्हा गेला, त्याची स्वतःची बायको त्या स्थलांतरात वाटेत वारली. याच लेखकाकडून त्याच्यावर एक लेख लिहून घ्या, आणि तेवढीच जागा द्या.

आपला,
एक नियमित वाचक, अहिल्यानगर