चिकूची खबरबात

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, परवा फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "दीड वर्ष उलटलं, अजून धड बोलत नाही गं." तेव्हा चिकू चार्जरची वायर तोंडात घालत होता, त्यामुळे बोलणं तिथेच राहिलं. आता तो झोपलाय, म्हणून सविस्तर लिहिते. बाबांनाही वाचून दाखव.

त्याला १९ महिने पूर्ण झाले. शब्द मोजायचे तर आठ-दहा, त्यातले निम्मे फक्त मलाच कळतात. "फू" म्हणजे गरम. चहाही फू, इस्त्रीही फू आणि दुपारचं ऊनही फू. बूस्टर द्यायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी २० प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी असतो तो, स्वमग्नतेची (ऑटिझमची) शंका घेण्यासारखं काही आहे का ते चाळून बघायला. मला वाटलं, किती शब्द येतात ते विचारतील. पण वीस प्रश्नांत शब्दांचा हिशेब कुठेच नाही! पहिलाच प्रश्न असा, की खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तूकडे तुम्ही बोट केलंत तर मूल तिकडे बघतं का? पुढे मग हाक मारल्यावर वळतं का, हसलं तर उलट हसतं का, एखादी वस्तू नुसती दाखवायला म्हणून आणतं का, रिकाम्या कपातून चहा प्यायल्यासारखं करतं का. तेव्हापासून मी शब्द मोजायचे सोडले आणि तो काय करतो ते बघायला लागले.

सकाळी घंटागाडी येते. गाणं लांबून ऐकू आलं की हा हातातलं टाकून गॅलरीत धावतो, गजातून बोट बाहेर काढतो, "ऊं!" म्हणतो आणि लगेच मान वळवून माझ्याकडे बघतो. मी गाडीकडे बघितलं की परत गाडी, परत मी. मी पोळ्या लाटत बसले तर येऊन गाऊन ओढतो. बिस्किटाच्या डब्याकडेही बोट करतोच, पण तिथे डबा हवा असतो, मी नुसती साधन. घंटागाडी त्याला नकोच आहे. "तूही बघ" एवढंच म्हणायचंय. डॉक्टर म्हणाले, असं न मागता दाखवणं मुलात आहे ना, हे आम्ही आधी बघतो. बोलणं त्याच्यावरच उभं राहतं.

खेळही बदललाय. मागच्या महिन्यात पातेलं म्हणजे आपटायची वस्तू होती. आता त्यात चमचा फिरवतो, रिकामा चमचा माझ्या तोंडाशी आणतो आणि थांबतो. मी फुंकर घातल्याशिवाय पुढे सरकवत नाही. मग अस्वलाला भरवतो, त्याचंही तोंड पुसतो, माझ्यापेक्षा जोरात. बाबा, तुमच्यासारखे हात मागे बांधून हॉलमध्ये फेऱ्याही मारतो. कुणी शिकवलं नाही.

तुला काळजी वाटते ना, की बागेत तो कुणाशी खेळत नाही? समोरच्या ब्लॉकमधली छोटी आणि हा वाळूत शेजारी शेजारी बसतात, पाठ जवळजवळ एकमेकांकडे. तिने वाटीत वाळू भरली की हा भरतो, तिने ओतली की ओततो. बोलणं नाही, देणंघेणं नाही. घेणं झालंच तर हिसकावून, आणि मग दोघांचा भोंगा. ह्या वयात हे असंच असतं. मिल्ड्रेड पार्टन नावाच्या अमेरिकन बाईंनी १९३२ मध्येच मुलांचं निरीक्षण करून याला 'समांतर खेळ' म्हटलंय. मिळून, नियम ठरवून खेळणं पुष्कळ पुढचं. त्यामुळे "दे बाळा, तिला दे" म्हणून आपण त्याच्या हातातून काढून घेण्यात काही अर्थ नाही.

बाबा, तुम्ही म्हणाल हे सगळे परदेशी तक्ते. तसं नाही. बडोद्याला प्रमिला फाटक यांनी आपल्याकडच्या बाळांचा अभ्यास करून विकासाची मोजपट्टी बसवली, जन्मापासून ३० महिन्यांपर्यंतची. आपल्याकडचे तज्ज्ञ ती वापरतात. गरज पडली तर आपणही तशी तपासणी करून घेऊ.

आणि आई, "मुलगे उशिराच बोलतात, तुझा मामा साडेतीन वर्षांनी बोलला" हे मला पुरेसं वाटत नाही. मामा खुणा करायचा का, हाकेला वळायचा का, हे आजीला आठवत असेल तर विचार. न बोलणारं मूल आणि काहीच न सांगणारं मूल यांत मोठा फरक आहे. चिकूचे कान तपासून घेतले, दोन्ही ठीक आहेत; उशिरा बोलणाऱ्या मुलात आधी तेच बघायचं असतं. दोन वर्षांपर्यंत "बाबा ये", "पाणी दे" असं दोन शब्दांचं बोलणं आलं नाही, किंवा आत्ता येतंय त्यातलं काही मागे गेलं, तर वाट न बघता स्पीच थेरपिस्टकडे जाणार. त्यात लपवण्यासारखं काही नाही. काकूंनी विचारलं तर सरळ सांग.

तुमच्याकडून एकच हवंय. व्हिडिओ कॉलवर "नाक दाखव, काऊ कसा करतो, नमस्ते कर" ही तोंडी परीक्षा बंद करा. तो गप्प होतो आणि तू हिरमुसतेस. त्यापेक्षा बाबा करतात ते छान: टोपी डोळ्यांवर ओढायची, "अरेच्चा, चिकू कुठे गेला?" म्हणायचं आणि थांबायचं. मनात दहापर्यंत मोजा. त्याला उत्तर द्यायला तेवढा वेळ लागतो. आपण तिसऱ्या आकड्यालाच दुसरा प्रश्न टाकतो. मनी पायाशी आली तर तिला दाखव, बाकी काही विचारू नकोस. आणि बडबडगीतं मोबाइलवर लावून दे म्हणतेस, ते राहू दे. तू म्हण. ओळीचा शेवटचा शब्द तेवढा गाळ आणि त्याच्याकडे बघ. काल मी तसं केलं तर त्याने माझ्या ओठांना हात लावून "आ?" केलं.

दिवाळीला याल तेव्हा बटण दाबलं की बोलणारा वाघ वगैरे आणू नका. माळ्यावरची माझी लाकडी भातुकली शाबूत असेल तर घेऊन या, फक्त बारीक झाकणं काढून ठेवा, अजून सगळं तोंडात जातं. बाबांच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का, तेही कळवा.

तुमची,
सई