रविवारी फोन ठेवला त्याबद्दल

चि. अस्मी,

रविवारी फोन कट झाला तो रेंज गेली म्हणून नाही, मीच ठेवला. निखिलरावांचा नंतर मेसेज आला, बाबा सगळं ठीक ना, त्यांना मी अंगठा पाठवला आणि तुला काहीच पाठवलं नाही, ते चार दिवस डोक्यात राहिलंय. समोर बोलायला गेलो की तू मधे बोलतेस, मग मी चिडतो, म्हणून टाईप करतोय. एका बोटाने चाललंय, चुका चालवून घे.

तू म्हणालीस, बाबा तुम्ही वर्षभर नुसती शहरं बघताय, ठरवत काहीच नाही. कबूल. दिवाळीनंतर आपली डोंबिवलीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटसाठी रिकामी करायची आहे, बिल्डर तीन वर्षांचं भाडं देणार, तीनाची पाच होणार हे लहान पोरालाही कळतं, आणि पाच वर्षांनी मी त्र्याहत्तरचा. म्हणजे आता जिथे बिऱ्हाड हलवू तेच शेवटचं धरायचं. त्याला वर्ष लागलं तर बिघडलं काय? पण खरं कारण ते नाही. ते पुढे लिहितो, आधी शहरांचं सांगतो, कारण तुला वाटतं मी रेल्वेच्या पासावर फुकट फिरून टाइमपास करतोय.

सावंतवाडी तर लग्न ठरलं तेव्हापासूनची. रिटायर झालो की मोती तलावाकाठी रोज संध्याकाळी फेरी, हे मी तुझ्या आईला चाळीस वर्षं सांगतोय. मे महिन्यात त्यासाठीच गेलो होतो. काकांच्या वाट्याचा वाद मिटलाय असं म्हणतात, मिटलाय की नाही ते देव जाणे. घर कोरडं आहे, माणसं आपली आहेत. पण हायवेचं काम २०११ पासून चाललंय ते चाललंयच, आणि रात्री कोणाला जास्त झालं तर लोक आजही सरळ गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला धावतात, पन्नास-साठ किलोमीटर. तेही चाललं असतं गो, आपल्या आजोबांनी काय केलं होतं. पण मागच्या अंगणातली विहीर आठवते ना, कठडा गुडघ्याएवढाच आहे. तिसऱ्या दिवशी पहाटे चारला आई दार उघडून तिथे उभी होती. म्हणाली पाणी तापवायला आले. बंब कुठे आहे ते तिला सापडत नव्हतं. मी काही बोललो नाही, परतीची तिकिटं दोन दिवस अलीकडची केली आणि तुला सांगितलं की उकडत होतं.

मग कोथरूड. हे तुला सांगितलंच नव्हतं. जूनमध्ये मी एकटाच इंद्रायणीने आलो होतो, तुझ्याकडे न येता संध्याकाळी परत गेलो, राग नको मानू. डहाणूकर कॉलनीत एक जुना फ्लॅट बघितला, दुसरा मजला, लिफ्ट आहे, खाली वाणी, समोर केमिस्ट, मेट्रो धरायला वनाझला रिक्षाने जायचं. पुणे स्टेशनजवळ रेल्वेचं हॉस्पिटल आहे म्हणजे माझं उमीद कार्ड, रेल्वेचं औषधपाण्याचं, तिथे चालेल. आईच्या नावावर घेतला तर स्टँप ड्युटीत एक टक्का सूट, तेही एजंटाने सांगितलं, जसं काही मला माहीतच नव्हतं. भाव ऐकून पाणी मागितलं ते सोड. मी गेटपासून भाजीवाल्यापर्यंत चालत गेलो, दोन वळणं. परत आलो, दोन वळणं, पण उलट्या बाजूने सगळ्या गल्ल्या सारख्या दिसतात, मीच एक गल्ली पुढे गेलो. तिथेच एका कट्ट्यावर बसलो आणि ठरवलं की नाही.

आता तुझं बालेवाडी. तू मनापासून बोलावतेस हे मला कळतं, नातवाजवळ राहायला कोणाला नको असतं. टँकर येतात, येऊ देत, आम्ही डोंबिवलीत पाण्याचे दिवस काढलेलेच आहेत. पण मागच्या दिवाळीत आई ओजूला बसवरून आणायला खाली गेली आणि सी विंगच्या १४०२ ची बेल वाजवत राहिली, तुम्ही सगळे किती हसलात. त्या बाईंनी तिला आत बसवून चकली दिली, म्हणून तर आणखीच हसलात. मीही हसलो. तुझ्याकडे चारही विंग एकाच रंगाच्या, एकच लॉबी, एकच कुंड्या, कोणीही चुकेल असं मीच म्हणालो होतो.

अस्मी, ती चुकली नव्हती, तिला काहीच ओळखीचं वाटत नव्हतं. हे मला त्याच रात्री कळलं होतं आणि मी वर्षभर तुला सांगितलं नाही. चूक माझी आहे.

ज्या बाईने पोस्टाच्या आरडीची दीडशे घरं तीस वर्षं पायी सांभाळली, टिळकनगरपासून पार एमआयडीसीपर्यंत कुठल्या बिल्डिंगला कुठल्या मजल्यावर कोणाचा हप्ता थकलाय हे जिला वही न उघडता सांगता यायचं. २६ जुलै २००५ आठवतंय ना, तू दहावीला होतीस, क्लासमध्ये अडकलेली, मी कुर्ल्याला गाडीत, दोन दिवस घरी पोचलो नाही, फोन बंद. लाईट नव्हती, रस्त्यावर पाणी, आणि ही तुला आणि त्या सोनारांच्या मुलीला घेऊन अंधारात घरी आली. मी नंतर विचारलं कशी आलीस गं, तर म्हणाली त्यात काय, कंपाउंडच्या भिंतीला हात लावत आले, कोणती भिंत कोणाची ते मला ठाऊक आहे. माझी बायको म्हणून नाही सांगत, पण असा माणूस मी रेल्वेतही बघितला नाही, आणि आमच्याकडे डोळे मिटून सिग्नल सांगणारे लोक होते. हां, कुठे होतो मी.

कल्याणच्या हॉस्पिटलात दाखवलंय. बी-ट्वेल्व्ह कमी होतं, इंजेक्शनं झाली, थायरॉईड नॉर्मल, एमआरआयची तारीख पुढच्या महिन्यात भायखळ्याची मिळाली आहे. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, म्हणाल्या आत्ताच कशाला नाव देऊ नका. त्यांनी शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं तर आईने त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर असं धडाधड सांगितलं, वर विचारलं, पुढे जाऊ का? मला इतकं बरं वाटलं. मग बाईंनी कागद दिला, म्हणाल्या घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. गोल सुंदर काढला, रांगोळीचा हात. आणि बाराही आकडे उजव्या बाजूला एकाखाली एक लिहिले, आरडीच्या वहीसारखे. डावी बाजू रिकामी. हिशोब शाबूत आहे गं तिचा, जागा चाललीये.

म्हणून मी शहरं बघत नाही, वळणं मोजतो. तुला वेडेपणा वाटेल.

बरं, तू हे वाचून लगेच गाडी काढून निघू नकोस. रात्रीचं एक्स्प्रेसवेवर एकटीने येणं बंद कर हे मी हजारदा सांगितलंय. रात्री दोनपर्यंत लॅपटॉप, सकाळी सहाला डबा, मधे कॉफी, या वयात बीपी लागेल. आणि त्या दुसऱ्या फ्लॅटचा हप्ता कशाला ओढवून घेतला तेही मला अजून पटलेलं नाही, एका माणसाने किती... असो. विषय काय आणि मी काय बोलतोय. तुझं तू छान करतेस, मी लोकांना सांगताना कॉलर ताठ करूनच सांगतो. हे वाक्य वाच आणि वरची दोन विसर.

नाशिकचं राहिलं. जानेवारीत आम्ही दोघं एसटीने गेलो, दोघांनाही अर्धं तिकीट (रेल्वेने ज्येष्ठांची सवलत २०२० मध्ये बंद केली ती अजून दिली नाही, मला पास आहे, बाकीच्यांनी काय करायचं?). तुझ्या मामाचं म्हणणं गंगापूर रोडला बघा, हवा चांगली, मोकळं, डॉक्टर जवळ. बघितलं. छान आहे, पण बालेवाडीच. दुपारी आईच म्हणाली चला, मी घर दाखवते. रविवार कारंजावर रिक्षा सोडली आणि ती पुढे, मी मागे. सराफ बाजार, दहीपूल, मधेच एका बोळात शिरली, मला वाटलं झालं, पण ती बाहेर पडली ती बरोबर नदीच्या बाजूला. एकदाही थांबली नाही अस्मी. वाड्याच्या जागी पत्रा ठोकलेला रिकामा प्लॉट होता. तरी ती म्हणाली हा आमचा ओटा, इथून पूर आला की आम्ही दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते बघायला पळायचो. नारोशंकराची घंटा कोणत्या बाजूला तेही हात करून दाखवलं. आठवीतल्या मुलीसारखी चालत होती. मी त्या दिवशी मनात नाशिक पक्कं केलं होतं.

मग रात्री मामाकडे जेवताना सिंहस्थाचा विषय निघाला, २०२७ चा. २०१५ ला गेलो होतो तेव्हा हिनेच आपल्या सहा जणांना त्या गर्दीतून धरून बाहेर काढलं होतं. आणि आता रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर घर घ्यायचं आणि लाखो माणसं तिच्या दारावरून जाणार. कुंभात माणूस हरवतो हे आपण थट्टेने म्हणतो. मला घास गिळेना.

मग डोंबिवलीतच राहा म्हणशील. तुला मे २०१६ आणि मे २०२४ चे स्फोट आठवतात, फोनवर तेच काढतेस, हवा वाईट, गर्दी वाईट. सगळं खरं. पण मी इथेही बघून ठेवलंय. दोन महिने झाले, ती भाजीला निघाली की मी पाच मिनिटांनी मागून निघतो, पिशवी घेऊन, म्हणजे भेटलोच तर दूध आणायला आलो. घरापासून फडके रोडपर्यंत चार वळणं. तिसऱ्याला तो शिंपी बसायचा, त्याची बिल्डिंग मार्चमध्ये पाडली, हिरवं कापड लावलंय. तेव्हापासून ती तिथे थांबते. कधी अर्धा मिनिट, कधी दोन. मग गणपती मंदिराच्या बाजूने माणसं येताना दिसली की निघते. आपल्या रोडवर सात बिल्डिंगा पाडायला काढल्यात. म्हणजे मी जागचा हललो नाही तरी डोंबिवली हलतेच आहे, मग मी कुठे थांबू ते सांग.

सध्या एवढंच केलंय की मागच्या गल्लीत जोश्यांच्या बिल्डिंगला तळमजल्याचा वन बीएचके अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर बघून ठेवलाय, तीच चार वळणं, फक्त निघायचं दार दुसरं. टोकन दिलेलं नाही. तू शनिवारी ये, सकाळच्या गाडीने, गाडी म्हणजे ट्रेन. तिला काही विचारू नकोस, परीक्षा घेतेय असं वाटायला नको, तिला फार लागतं ते. नुसती तिच्याबरोबर भाजीला जा आणि तिला पुढे चालू दे. मग रात्री मला सांग मी उगाच घाबरतोय का. घाबरतोय असं म्हणालीस तर कोथरूडच्या एजंटाला फोन करतो. मलाच डोंबिवली सोडवत नाही आणि मी तिचं निमित्त करतोय, असंही असेल. तुझी आई तेच म्हणते.

आणि माझं काही झालं तर, हे वाक्य मी तीनदा लिहून पुसलं, तेव्हा ते राहू दे.

दादाला अजून सांगितलेलं नाही. तू पण सांगू नकोस, तो तिकडून नुसता लिंका पाठवत बसेल.

ओजूला पापा. निखिलरावांना नमस्कार.

तुझा
बाबा

ता. क. तुमच्या लिफ्टमध्ये १२ नंतर एकदम १४ चं बटण आहे ना? १३ लोकांना नको असतो म्हणून. हिशोबाच्या बाईला ते मी कसं समजावणार होतो, एवढंच रविवारी विचारायचं होतं.