ब्रेकच्या पिनांना ग्रीस लावायला शिकवणाऱ्या शेजारच्या काकांस

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

पावसाळ्यापूर्वी गाडीचे पुढचे ब्रेक पॅड मी घरीच बदलायला घेतले, तेव्हा एसटीच्या कार्यशाळेत आयुष्य घालवलेले तुम्ही गुडघेदुखी विसरून माझ्याबरोबर अंगणात बसलात, त्याबद्दल हे आभाराचे पत्र. माझ्यासारखे काम अंगावर घेणारे आणखी कोणी असतील, म्हणून ते सर्वांसमोर लिहीत आहे.

डाव्या चाकाचा आतला पॅड पत्र्यापर्यंत झिजला होता आणि बाहेरचा निम्म्याहून अधिक शिल्लक होता. पॅडच निकृष्ट असावेत, असे मी धरून चाललो होतो. तुम्ही मात्र कॅलिपरची, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही पॅड दाबणाऱ्या पकडीची, खालची पिन हाताने फिरवायला सांगितली आणि ती जागची हलेना. पिस्टन, म्हणजे कॅलिपरमधला दट्ट्या, एकाच बाजूने आतल्या पॅडला दाबतो, बाहेरचा पॅड डिस्कवर ओढला जातो तो कॅलिपर या दोन पिनांवर सरकतो म्हणून, आणि पिन गंजून अडकली की सारा भार आतल्या पॅडवर पडतो, हे तुम्ही रिकाम्या काडेपेटीची सरकती पेटी दाखवून समजावलेत.

मी चाकाच्या बेअरिंगचे ग्रीस बोटावर घेतले होते. तुम्ही माझे मनगट धरलेत, याचे मोल मला आज अधिक कळते. खनिज तेलाच्या ग्रीसने पिनेवरचे रबरी बूट, म्हणजे धूळ-पाणी अडवणारी टोपणे, फुगतात, मऊ पडतात आणि पिन पुन्हा जखडते. तीही लगेच नव्हे, तर काही महिन्यांनी, चूक कुठे झाली हे आठवतही नसते तेव्हा. तुम्ही घरून ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस आणलेत, जुने ग्रीस चिंधीने पूर्ण पुसायला लावलेत आणि पातळसा थरच पुरे असे बजावलेत, कारण भोकात ग्रीस ठासून भरले तर पिन आत बसतच नाही. टोकाला रबर असलेली पिन ज्या भोकातली त्याच भोकात गेली पाहिजे, हेही तुमच्यामुळेच कळले.

पॅडचे कान ज्या स्टीलच्या क्लिपांत बसतात, त्या मी तशाच ठेवणार होतो. तुम्ही त्या काढून खालचा गंज तारेच्या ब्रशने घासलात. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत हा गंजच क्लिप उचलतो आणि पॅडला आवळतो, असे तुम्ही म्हणालात. कानांना ग्रीसचा पुसटसा हात लावलात, पण पॅडच्या घासणाऱ्या बाजूला आणि डिस्कला ग्रीसचे बोटही लागू दिले नाही. कॅलिपर ब्रेक ऑइलच्या नळीवर लोंबकळू नये म्हणून तो तारेने बांधलात आणि पेडल कडक होईपर्यंत दाबल्याशिवाय मला गाडी हलवू दिली नाहीत.

काल हातखंब्याहून परतल्यावर दोन्ही चाकांजवळ हात धरून पाहिला. ऊब सारखीच होती, आणि डावीकडचा तो जळका वास आता येत नाही. उजव्या चाकाच्या पिना पुढच्या रविवारी मी एकटा काढणार आहे. बूट खाचेत नीट बसले की नाही, एवढे मात्र तुम्ही येऊन पाहावे, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
पलीकडच्या अंगणातला शेजारी